दोन घरांची तांबोशी



मासळी बाजारात गेल्यावर आपण भाव विचारतो, कल्ले उघडून मासा ताजा आहे की नाही ते बघतो, घासाघीस करतो आणि परवडेल ते घेऊन घरी येतो. बांगडा, मांदेली, बोंबील, सुका जवळा ही कष्टकऱ्यांच्या ताटातली नेहमीची मासळी. पगार झाला असेल किंवा पाहुणे यायचे असतील, तर एखादा मोठा मासा घेतला जातो. पण हा मासा जन्मला कुठे, वाढला कुठे, त्याचे घर कसे आहे आणि ते आज शाबूत आहे काय, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ज्या घरातून आपले अन्न येते, त्या घराची चौकशी करायला नको काय?

म्हणून यावेळी एका माशाच्या घरी जाऊन आलो, त्याची हकीकत सांगतो. या माशाचे नाव तांबोशी. मालवण-वेंगुर्ल्याकडे तांबोशी म्हणतात, कुठे तांब म्हणतात, आणि मोठ्या हॉटेलांच्या कार्डावर तेच 'रेड स्नॅपर' होते. रंग तांबूस म्हणून तांबोशी. अंग भरदार, खवले मोठे, जबडा भक्कम आणि पुढे सुळ्यासारखे दात. इंग्रजीत 'स्नॅप' म्हणजे झटकन चावा घेणे, त्यावरून 'स्नॅपर' हे नाव पडले. गळाला लागलेली तांबोशी सोडवताना बोटे सांभाळावी लागतात, असे मालवणचे मच्छीमार सांगतात.

माताभगिनींसाठी येथेच एक सूचना देऊन ठेवतो. बाजारात राणी नावाचा लहानसर, गुलाबी मासा येतो. काही विक्रेते आणि हॉटेलवाले त्यालाही रेड स्नॅपर म्हणून खपवतात. राणीचे अंग सडपातळ आणि मांस मऊ असते. तांबोशी अंगाने रुंद, मांसाने घट्ट. राणी वाईट मुळीच नाही, पण भाव तांबोशीचा आणि मासा राणीचा, असा व्यवहार होऊ देऊ नये.

नावामागची माणसे

तांबोशीच्या कुळात शंभराहून अधिक प्रजाती आहेत. त्यांतल्या मोठ्या गटाला शास्त्रज्ञ 'लुट्जानस' म्हणतात. शब्द लॅटिन वाटतो, पण मूळ आहे मलाय भाषेतले. तिकडचे लोक या माशाला 'इकान लुत्जांग' म्हणत. इकान म्हणजे मासा. बर्लिनमध्ये राहणारे डॉक्टर ब्लॉख हे माशांचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी १७९० साली हाच शब्द उचलून शास्त्राच्या पुस्तकात घातला. म्हणजे आज जगभरच्या विद्यापीठांत जे नाव घेतले जाते, ते मलाय मुलखातल्या साध्या माणसांच्या तोंडचे आहे. मासा ज्यांनी हाताळला, त्यांनीच त्याला आधी ओळखले. विद्वानांनी ते पुढे लिहून घेतले.

खाडीत वाढणाऱ्या ज्या तांबोशीविषयी आपण बोलत आहोत, तिचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केले पीटर फॉर्स्कोल या तरुण निसर्गशास्त्रज्ञाने. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक अभ्यास-मोहीम पाठवली होती, तिच्यात तो होता. तांबड्या समुद्रातले मासे तपासून त्याने टिपणे केली. पण १७६३ साली येमेनमध्ये हिवतापाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे एकतीस. उरलेले सोबती जहाजाने मुंबईला निघाले. त्यांतलेही काही वाटेत आणि एक जण मुंबईत वारला. कार्स्टन नीबुर हा एकटाच जिवंत राहिला. तो मुंबईत वर्षभराहून अधिक काळ होता. मायदेशी परतल्यावर त्याने मृत मित्राची टिपणे १७७५ साली छापून प्रसिद्ध केली. एका माशाच्या नावामागे एवढी माणसे उभी आहेत.

पहिले घर : खाडी

गेल्या हिवाळ्यात संघटनेच्या कामानिमित्त कुडाळला जाणे झाले. काम आटोपल्यावर दोन दिवसांची रजा शिल्लक होती. सौ. आणि मुले बरोबर होतीच. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून मुंबईच्या माणसाला कुडाळ-कणकवली जवळ आले आहे. कुडाळहून एस.टी.ने मालवण गाठले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडे तारकर्ली, तिथून पुढे देवबाग.

देवबागची जमीन पाहण्यासारखी आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. शेवटी टोकाशी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या काठाने खारफुटीची झाडे आहेत. कोकणात त्यांना कांदळ, तिवर, चिपी अशी वेगवेगळी नावे आहेत. कांदळाच्या खोडापासून कमानीसारखी मुळे सुटून चिखलात रुततात. तिवराची मुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर डोके काढतात, कारण चिखलात हवा नसते आणि झाडाला श्वास तर घ्यावा लागतो. चिपीच्या पांढऱ्या फुलांच्या प्रजातीला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला आहे.

आमचा होडीवाला पन्नाशीचा, गाबीत समाजातला. भरतीचे पाणी मुळांत शिरू लागले होते. त्याने वल्हे थांबवून मुळांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "भाऊ, तांबोशीची पोरां हयच वाढतत. बोटाएवढी आसतत तेव्हा ह्या मुळांत लपान रवतत. मोठी झाली काय दर्याक जातत."

त्या तीन वाक्यांत तांबोशीचे सगळे आयुष्य आले. पुस्तके हेच अधिक तपशिलाने सांगतात. तांबोशी अंडी घालते ती खाडीत नाही, उघड्या समुद्रात. मादी लाखो अंडी पाण्यात सोडते. अंडी आणि त्यांतून निघालेली बारीक पिल्ले प्रवाहाबरोबर वाहतात. त्यांतली बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात. जी वाचतात ती भरतीबरोबर खाडीच्या तोंडातून आत शिरतात आणि खारफुटीच्या मुळांचा आसरा धरतात. काही तर आणखी वर, नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत जातात. खारे, मचूळ आणि गोडे अशा तिन्ही पाण्यांत जगण्याची ताकद या माशात आहे. पिल्लांच्या अंगावर फिक्या रंगाचे उभे पट्टे असतात. मुळांच्या सावल्यांमध्ये ते पट्टे मिसळून जातात आणि शत्रूला पिल्लू दिसत नाही.

आपल्या वस्तीत आई-बाप कामावर जातात तेव्हा लहान मुले अंगणवाडीत असतात. तिथे सावली असते, खाऊ असतो, लक्ष ठेवणारी बाई असते. खारफुटी ही माशांची अंगणवाडीच आहे. झाडांची पाने गळून चिखलात कुजतात, त्यावर किडे, लहान खेकडे आणि कोलंबी पोसतात, आणि त्यांच्यावर तांबोशीची पिल्ले. दिवसा मुळांत, पडलेल्या ओंडक्याखाली किंवा कपारीत दडून राहायचे आणि रात्री शिकारीला बाहेर पडायचे, असा तिचा नेम. म्हणून तांबोशी गरवायला माणसे संध्याकाळनंतर बसतात.

ओहोटीच्या वेळी त्याच चिखलात बायका गुडघाभर उतरून तिसऱ्या आणि कालवे काढत होत्या. वाकून वाकून पाठ भरून येते, कालवांच्या कवचांनी हात कापतात. खाडी जशी माशाची पोरे सांभाळते तशीच या बायकांची चूलही सांभाळते. पुढे वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिलांच्या बचत गटाने पर्यटकांना होडीतून खारफुटी दाखवण्याचे काम सुरू केले आहे. होडी बायकाच वल्हवतात आणि झाडांची माहितीही त्याच देतात. आमच्या मुलीला याचे फार कौतुक वाटले.

दुसरे घर : प्रवाळ

तांबोशी खाडीत काही वर्षे काढते. मोठी झाली की खाडी सोडून समुद्रातल्या खडकांकडे आणि प्रवाळांकडे निघते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतातल्या नद्यांमध्ये शास्त्रज्ञांनी या माशांना खुणेच्या पट्ट्या लावून सोडले होते. त्यांतले काही पुढे समुद्रात दूरच्या प्रवाळावर सापडले. तिकडचे लोक तिला 'मॅन्ग्रोव्ह जॅक' म्हणतात, म्हणजे खारफुटीतला जॅक. खोल पाण्यात, शंभर मीटरच्याही खाली ती राहू शकते. आयुष्यही मोठे, तीस वर्षांहून अधिक जगलेल्या तांबोशा शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. प्रवाळ हेच तिचे संसाराचे घर. तिथूनच ती पुन्हा अंडी सोडते आणि नवी पिल्ले खाडीकडे वळतात.

प्रवाळ म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगावे. दिसायला तो दगडासारखा, कुठे झाडासारखा, पण आहे तो प्राणी. टाचणीच्या डोक्यापासून बोटाच्या पेरापर्यंत आकाराचे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात. त्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. रंगही बराचसा त्यांचाच. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळाने व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे पाव प्रजाती आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याच्या आसऱ्याला असतात.

आपल्या महाराष्ट्रात प्रवाळ आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. त्याच किल्ल्याच्या भोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहे. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून जायचे तर दिवाळीनंतर जावे. तेव्हा पाणीही निवळलेले असते. आम्ही दांडी किनाऱ्यावरून होडीने गेलो. मला पोहता येत नाही. पण कमरेला हवेची ट्यूब, तोंडाला नळी आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून स्थानिक पोरे पाण्यावर तरंगत ठेवतात. खाली मान घातली आणि पाहातच राहिलो. मेंदूसारख्या वळ्यांचे, घुमटासारखे प्रवाळ, त्यांच्या फटींतून पळणारे निळे-पिवळे मासे. अंगावर एकच काळा ठिपका असलेल्या तांबोशीच्या भाऊबंदांचा एक लहान थवा खडकाच्या आडोशाला स्थिर उभा होता. मोठी तांबोशी काही दिसली नाही. दिवसा ती कपारीत असते, हे होडीवाल्याने आधीच सांगितले होते.

मालवणचे पाणी लक्षद्वीपसारखे काचेसारखे नितळ नसते. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात. तरीही प्रवाळाने तग धरला आहे. आणखी एक मोठा प्रवाळ विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात आहे. वीस-पंचवीस मीटर पाण्याखाली बुडालेले ते एक पठार आहे, साधारण चाळीस किलोमीटर लांब आणि पंधरा किलोमीटर रुंद. त्याला आंग्रिया बँक म्हणतात. हे नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडले आहे.

दोन्ही घरांवरचे संकट

मी हिशेबनीस माणूस, म्हणून हा व्यवहार हिशेबाच्या भाषेत मांडतो. खाडी आणि प्रवाळ ही तांबोशीची दोन खाती आहेत. एका खात्यातून दुसऱ्यात भरणा होतो. एक खाते बुडाले की दुसरे आपोआप रिकामे होते. प्रवाळ कितीही जपला आणि खाडी बुजवली, तर तिथे जायला पोरेच उरणार नाहीत. खाडी जपली आणि प्रवाळ मेला, तर अंडी घालायला मोठे मासे राहणार नाहीत.

खाडीचे खाते कसे बुडते ते मुंबई-ठाण्याच्या वाचकांना सांगायला नको. मानखुर्द, गोवंडी, विक्रोळीच्या बाजूला आपली कितीतरी माणसे खाडीकाठी राहतात. रात्री डेब्रिजचे डंपर येतात, सकाळी तिथे भराव दिसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला पसरायला जागा नसली की काय होते, हे गरिबांनीच सगळ्यांत जास्त भोगले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास आणि तिच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम करण्यास मनाई केली. २०१२ साली शासनाने वन खात्यात कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१८ च्या निकालात तर उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, खारफुटीचा नाश म्हणजे संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जीवनाच्या हक्काचा भंग आहे. एवढा मोठा आधार आपल्या हातात आहे. मात्र कायद्याचा बडगा झोपडीवर आधी आणि डंपरच्या मालकावर नंतर, असे होता कामा नये. ज्यांना शहराने दुसरी जागा दिली नाही, त्यांचे पुनर्वसन आधी झाले पाहिजे.

प्रवाळाचे खाते वेगळ्या कारणाने बुडते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले आणि तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातल्या सूक्ष्म वनस्पती बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ताप लवकर उतरला तर तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. १९९८ साली जगभर, आपल्या लक्षद्वीप-अंदमानातही हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. त्यानंतर २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक संकटाची घोषणा केली. मालवणच्या प्रवाळातही हा पांढरेपणा आढळला आहे. त्यावर पुन्हा नांगर टाकणाऱ्या होड्या आणि पाय टेकायला प्रवाळावरच उभे राहणारे पर्यटक. आमच्यासमोर एका मुलाने प्रवाळाचा तुकडा खिशात घालायला घेतला होता. होडीवाल्याने तो परत पाण्यात टाकायला लावला. शंभर रुपयांसाठी गिऱ्हाईक नाराज होईल, याची त्याने फिकीर केली नाही.

मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सुमारे ३ चौरस किलोमीटर. पण स्थानिक मच्छीमारांचा त्याला प्रथमपासून विरोध राहिला. त्यांचे म्हणणे साधे आहे. पिढ्यान्पिढ्या आम्ही रापण ओढतो, गळ टाकतो. रापणीला अख्खी आळी लागते आणि मासळीची वाटणी सर्वांत होते. समुद्र आम्ही संपवला नाही. मग बंदी प्रथम आमच्यावर का? त्यांचा रोख मोठ्या यांत्रिक जाळ्यांवर आणि रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या नौकांवर असतो. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. मला वाटते, मासा वाचवायचा आणि मासेमार बुडवायचा, हा न्याय नव्हे. ज्यांना माशाची दोन्ही घरे माहीत आहेत, त्यांना विचारल्याशिवाय कोणतेही अभयारण्य यशस्वी होणार नाही.

खाणाऱ्यांनी काय करावे?

आता आपल्या हातातले सांगतो. तांबोशीची मादी साधारण अर्धा मीटर लांब झाल्यावर अंडी घालण्याजोगी होते. त्या वेळी तिचे वजन दोन किलोच्या आसपास असते. म्हणजे बाजारात पाव-अर्धा किलोची तांबोशी दिसली, तर ते अंगणवाडीतून उचललेले मूल समजावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, त्यापेक्षा लहान मासे पकडण्यास मनाई आहे. पण गिऱ्हाईक मागते तोवर लहान मासा विकला जाणारच. आपण लहान पिल्ले घेण्याचे टाळावे आणि मासळीवालीला तसे गोडीने सांगावे. तिचेही पोट त्यावर आहे, म्हणून वाद घालू नये.

दुसरी गोष्ट तब्येतीची. खाडीतली किंवा किनाऱ्याजवळची ताजी तांबोशी खायला उत्तम. पण दूरच्या प्रवाळावरच्या काही मोठ्या शिकारी माशांत, विशेषतः तांबोशीच्या एका गडद लाल भाऊबंदात, एक विष साठू शकते. सूक्ष्म शेवाळासारख्या जीवापासून ते लहान माशांत आणि त्यांच्यातून मोठ्या माशांत चढत जाते. २०१६ साली मंगळूरला असा मासा खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली होती. हे विष शिजवून किंवा तळून जात नाही. उलट्या, जुलाब, तोंडाला आणि हातापायांना मुंग्या, थंड वस्तू गरम लागणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा. अनोळखी, फार मोठ्या प्रवाळी माशाचे डोके, काळीज, आतडी आणि गाबोळी खाऊ नयेत, कारण विष तिथे जास्त असते.

तिसरी गोष्ट मुलांची. सुटीत कोकणात गेलात तर मुलांना किल्ल्याबरोबर खाडीही दाखवा. मुंबईजवळच जमत असेल तर ऐरोलीला कांदळवन कक्षाचे केंद्र आहे, तिथे न्या. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली ती मुळे दाखवा आणि सांगा की, इथे समुद्राची पोरे वाढतात. आणि आपल्या वस्तीजवळच्या खारफुटीत भराव पडताना दिसला, तर चार जणांनी मिळून महसूल खात्याकडे किंवा कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. एकट्याच्या अर्जाला फायलीत जागा मिळते. चाळीस सह्यांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते, हा माझा कारकुनीतला अनुभव आहे.